पालथी मूठ

९ जानेवारी

बारक्या,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं बारक्या. आवडलं नाही तर फाडून टाक, पण आधी वाच.

तुझं टेबल बंद का आहे? पंधरवडा होत आला. रोज सकाळी मी आमच्याकडचं चालू करते, वरच्या कॅमेऱ्याची काच पुसते, काठीच्या मुठीसाठी कापलेला लाकडाचा ठोकळा मधोमध ठेवते आणि वाट बघते. तुझ्याकडून उजेडाचा ठिपकासुद्धा येत नाही. आधी वाटलं, एखादी वायर सैल झाली असेल. टेबलवाल्याला बोलावलं. तो स्टुलावर चढला, उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "ताई, तुमच्याकडे सगळं ठणठणीत आहे. पलीकडच्यांनी बंद केलंय." तो गेल्यावर मला असा संताप आला की हातातली कानस फेकूनच देणार होते. आईची कानस आहे म्हणून फेकली नाही.

मला माहीत आहे, आपण बोलत नाही. तू घर सोडून गेलास तेव्हापासून आपण एकमेकांना 'कसा आहेस, कशी आहेस' एवढंही विचारलेलं नाही. पुढे तुझ्याच डिझाइन स्टुडिओचं काम आमच्या वर्कशॉपकडे आलं, तेव्हाही नाही. आईच्या जुन्या बाकावर तो कॅमेरा आणि तो दिवा लावून टेबलवाला गेला, आणि पहिल्याच दिवशी उजेडात एक हात आला. अंगठ्यावर पटाशीचा व्रण. मी लगेच ओळखलं. तूही माझ्या वाकड्या करंगळीवरून मला ओळखलंच असशील. आणि तरी आपण बोललो काय? "कड दोन मिलिमीटर आत घे." बस्स. तेव्हापासून किटल्यांचे लाकडी नमुने झाले, दिव्यांचे झाले, खुर्च्यांचे हात झाले. तू तिथे वस्तू ठेवायचास, इथे तिचा उजेड पडायचा, हुबेहूब चित्र, मापाला तंतोतंत. मी त्या उजेडावर माझं लाकूड ठेवून बघायचे. वस्तूला लावलेल्या चकतीवर अंगठा दाबायचा आणि आवाजाची चिठ्ठी बोलायची, की पलीकडच्याने दाबून ऐकायची. जाड आहे, पातळ आहे, इथे बोट अडतं. वस्तूबद्दल वाट्टेल ते. माणसांबद्दल अवाक्षर नाही.

आईचे हातपाय हलवून घ्यायला एक बाई येतात. त्यांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही बहीणभाऊ रोज एकाच टेबलाशी बसता आणि एकमेकांचं तोंडही बघत नाही? कमाल आहे बाई तुमची!"

आईला झटका आला ती बातमीसुद्धा, ती दवाखान्यातून घरी आल्यावर, मी चकतीवरच सांगितली. एक कोरा ठोकळा ठेवला आणि बोलले, उजवी बाजू गेली, वाचा गेली, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी टेबलावर काठीची मूठ होती. डाव्या हाताची. फोमची, यंत्राने कापलेली. ते पाहून मी वर्कशॉपच्या मागे जाऊन पोटभर रडले. हे तुला आज सांगते आहे.

आता कळलं का राग कशाचा ते? गिऱ्हाइकाचं काम अर्ध्यावर सोडलं असतंस तर मी हूं की चूं केलं नसतं. ही आईची मूठ आहे. बाजारातून आणलेली प्रत्येक काठी तिने भिंतीवर भिरकावली. तिला उठायचं आहे. घराच्या दारापासून वर्कशॉपमधल्या तिच्या बाकापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं आहे, आणि तेही आपण केलेल्या काठीवर. ती बोलून दाखवू शकत नाही, पण तुझ्या मुठीचा उजेड पडला की तिचा डावा हात आपोआप पुढे जातो, तेव्हा आणखी काय सांगायचं राहिलं? डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येईल, जे करायचं ते आत्ता करा. आणि तू मधेच टेबल बंद करून बसला आहेस.

तुझा फोन लागत नाही, आणि स्टुडिओत फोन करून घरचं गाऱ्हाणं परक्यांना सांगायची मला लाज वाटते. म्हणून पत्र, तेही तुझ्या स्टुडिओच्या पत्त्यावर. दुसरा पत्ता मला कुठे माहीत आहे?

ताई


१८ जानेवारी

बारक्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मूग गिळून बसायचं आपल्या घरात सगळ्यांनाच छान जमतं. एक आई तेवढी बोलकी होती, आणि नेमकी तिचीच वाचा गेली.

सगळी नाही गेली. हे तुला मी चकतीवर सांगितलं नव्हतं, कारण ते वस्तूबद्दल नव्हतं. तुझी पहिली मूठ टेबलावर आली त्या दिवशी मी आईला चाकाच्या खुर्चीत बसवून वर्कशॉपमध्ये आणलं होतं. झटका आल्यापासून तिच्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं. तिने मान तिरकी केली, त्या उजेडाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पुन्हा."

स्पष्ट. खणखणीत. अगदी तोच आवाज. सगळं वर्कशॉप थांबलं. कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसलो, आणि मग मला रडू आवरेना. हा शब्द इथे कोणाला ठाऊक नाही? आपण दोघं तर त्यावरच वाढलो. खुर्चीचा पाय करून न्यायचा, ती हातात घ्यायची, बोटं फिरवायची आणि परत द्यायची. पुन्हा. जमलेलं असेल तर चकार शब्द काढायची नाही. नुसती वस्तू पालथी करून टेबलावर ठेवायची, तळ वर. कोणाला दिसणार नाही तिथेही पॉलिश पेपर नीट मारलाय, एवढं बघून झालं की संपलं. मला वाटायचं, जगातल्या सगळ्या मोठ्या माणसांची हीच पद्धत. शाळेत बाईंनी माझी चित्रवही तपासून सुलटी परत दिली, तेव्हा मी नापास झाले म्हणून भोकाड पसरत घरी आले होते. तू तेव्हा पाळण्यात होतास. नंतर कित्येक वर्षं मला त्यावरून चिडवायचास.

तू घर सोडलंस त्या दिवशी तुझी ती किटली तिने पालथी घातली नाही. गिऱ्हाइकांसमोर, त्या सगळ्या कोटवाल्यांसमोर, ती तुझ्या हातात परत दिली. "पुन्हा. यंत्राने कापलंय, हाताने बघितलेलं नाही." तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, किटली जमिनीवर आपटलीस आणि गेलास तो गेलासच. मी तेव्हा तुझ्या बाजूची होते की तिच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. किटली वाईट नव्हती. पण तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. आणि कोटवाल्यांसमोर बोलायला नको होतं, हेही खरं.

असो. तर आता तिच्याकडे हा एकच शब्द उरला आहे, आणि सगळा संसार ती त्यावर चालवते. तहान लागली, पुन्हा. खिडकी उघडा, पुन्हा. व्यायाम घेताना दुखलं की ती कळवळून "पुन्हा!" म्हणते, आणि त्या बाई बिचाऱ्या तोच पाय परत वर उचलतात. आई त्यांच्याकडे असं काही बघते की विचारू नकोस. हसलास का? मीही हसले होते, आणि मग बाईंना बाजूला घेऊन सांगितलं.

मी आता ओळखायला शिकले. ओढून म्हणाली की पाणी. तुटक म्हणाली की उशी सरकव. आवाज शेवटी वर चढला की तुझी चौकशी, कारण तेव्हा ती टेबलाकडे बघत असते. रोज सकाळी खुर्ची तिथे न्यायला लावते. टेबल अंधारलेलं. "पुन्हा?" मी म्हणते, "येईल गं आई, कामात असेल." तिला शेंड्या लावून लावून माझीच जीभ थकली आहे.

तुझ्या शेवटच्या रेघांवरून मूठ मीच लाकडात कोरायला घेतली. अंगठ्याखाली तू जी खोलगट जागा काढलीस, तिच्याबद्दल माझी खात्री नाही. फार खोल वाटते. तू असतास तर उजेडात बोट ठेवून दाखवलं असतंस. आता अंदाजाने चालले आहे.

ताई


२ फेब्रुवारी

अरे वेड्या,

आज टेबलवाला आला होता, दुसऱ्याच कामाला. निघताना म्हणाला, "ताई, चिठ्ठ्या फार साठल्यात, जुन्या पुसून टाकू का?" म्हटलं, कसल्या चिठ्ठ्या? माझ्या तर मी पुसत असते. त्याने त्या लावून दाखवल्या. त्या आईच्या होत्या.

मी चहा करायला आत जायचे तेव्हा तिची खुर्ची टेबलाशीच असायची. मला चकतीवर अंगठा दाबताना तिने हजारदा पाहिलं आहे, आणि डावा हात तर तिचा धड आहे. तुझ्या प्रत्येक मुठीवर तिने चिठ्ठी सोडलेली आहे. "पुन्हा." "पुन्हा." "पुन्हा." एका चिठ्ठीत मागून माझ्या कपबश्यांचा आवाजही येतो. टेबलवाला म्हणाला, पलीकडे सगळ्या ऐकल्या गेल्या आहेत. शेवटची ऐकली, आणि त्याच दिवशी टेबल बंद झालं.

तुला मी 'वाचा गेली' एवढंच सांगितलं होतं. मग तुला काय वाटलं असेल? जिच्या तोंडून शब्द फुटत नाही ती तुझ्यापुरती बोलायला लागली, आणि बोलली काय, तर तेच. इतक्या वर्षांनी. आजारपणातसुद्धा.

अरे, तो निकाल नाही रे. आजार आहे तो. मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, कधी कधी असा एखादाच शब्द शिल्लक राहतो, बहुतेक आयुष्यभर तोंडात बसलेला, आणि माणूस जे सांगायचं ते त्याच शब्दातून सांगायला बघतं. ती तुला कसा आहेस म्हणत असेल. जेवलास का म्हणत असेल. ये म्हणत असेल. दुसरा शब्द हाताशी असता तर तिने तो तुला दिला नसता का?

पहिल्या मुठीला म्हणाली ते मात्र खरोखरच 'पुन्हा' होतं. जाड होती ती मूठ. उगीच खोटं कशाला बोलू?

पण बाकीच्या चिठ्ठ्या मी किती वेळा ऐकल्या. शेवटची फार हळू आहे. तू लहान असताना तापाने फणफणला होतास, तेव्हा ती तुझ्या कानाशी तोंड नेऊन अशीच बोलायची. मी पलंगाच्या पायथ्याशी बसलेली असायचे आणि मला वाटायचं, मलाही ताप यावा. तो आवाज तुला ओळखता आला नाही? तुला तर ओळखता यायला हवा होता.

नाही, रागावत नाही. टेबल चालू कर, बाकी काही नको. ती वाट बघते आहे. मीही.

ताई


२० फेब्रुवारी

बारक्या,

आई उठली! चालली!

दाराशी तिची खुर्ची लावली होती. एका बाजूला व्यायामाच्या बाई, एका बाजूला मी. तिने आम्हा दोघींना नुसत्या डोळ्यांनी लांब उभं केलं. मुठीवर एकेक बोट बसवलं आणि शेवटी अंगठा त्या खोलगट जागेत ठेवला. अगदी फिट्ट बसला. तुझंच बरोबर होतं रे, मी उगीच शंका काढत होते. मग तिने जोर लावला आणि उभी राहिली. उजवा पाय फरफटत होता. मधे एकदा भुशावर काठी सरकली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कोणीतरी पुढे झालं, तर तिने "पुन्हा!" म्हणून असं दरडावलं की तो माणूस जागेवरच उभा राहिला. त्या 'पुन्हा'चा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

बाकापर्यंत गेली. तिच्या स्टुलावर बसली. घामाघूम झाली होती आणि श्वास लागला होता. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तिने काठी मांडीवर आडवी घेतली आणि मूठ हिसडून काढली. मी ती चिकटवलेली नव्हती. अजून घासावी लागली तर, म्हणून नुसती ठोकून बसवली होती. तिने ती हातात फिरवली. खालच्या बाजूला अंगठा फिरवला, काठी बसते त्या भोकाच्या कडेला, जिथे कधीच कोणाची नजर जाणार नाही. तिथेही मी पॉलिश पेपर मारला होता, तीनदा. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले, शाळेतल्या पोरीसारखी. या वयात, केस पांढरे झाल्यावर.

आणि तिने मूठ पालथी करून टेबलावर ठेवली.

काही म्हणाली नाही. तो एक शब्दसुद्धा नाही.

बारक्या, तिने आजवर माझं काय काय पालथं घातलं ते मला सगळं तोंडपाठ आहे, कारण ते फार नाही. पण ही माझी एकटीची नाही. रेघा तुझ्या, लाकूड माझं. हे तू स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवंस. म्हणून मी ती मूठ तिथून हलवलेली नाही. मी उचलली की तिचा उजेडही जाईल. तू टेबल चालू केलंस की ती जशी आहे तशी तुझ्यासमोर पडलेली दिसेल, तळ वर. आईला चालायला त्याच मापाची दुसरी करते आहे, तोवर ती माझा खांदा वापरते. फोटो काढून पाठवणार नाही. बघायचं तर टेबलावर बघ.

ताई


७ मार्च

बारक्या,

आई गेली.

परवा दुपारी, खुर्चीतच. मी समोर बसून दुसऱ्या मुठीला पॉलिश पेपर मारत होते. ती बघत होती. मी वर पाहिलं तेव्हा मान कललेली होती. मला वाटलं डुलकी लागली. मी आणखी थोडा वेळ घासत राहिले, आवाज होऊ नये म्हणून हळूहळू.

तुझ्या स्टुडिओत फोन केला. एका मुलीने उचलला. "ते रजेवर आहेत. कुठे गेलेत ते सांगून गेले नाहीत, फोनही लागत नाही." मग घुटमळत म्हणाली, "त्यांच्या टपालाच्या खणात बरीच पत्रं येऊन पडली आहेत. सगळी एकाच अक्षरातली. तुमची आहेत का? कोणी उघडलेली नाहीत." म्हणजे इतके दिवस मी भिंतीशी बोलत होते. तिला म्हटलं, आले तर सांगा, आई गेली म्हणून. पोरीचा आवाज रडवेला झाला. तिचा काय दोष?

मग हे पत्र मी कोणाला लिहिते आहे, देव जाणे. तुझ्याशी बोलायची सवय लागली, आणि आता सवय लागून उपयोग नाही. घरी आलं की वाटतं कोणी तरी "पुन्हा" म्हणेल. त्या शब्दाला मी किती कावले होते. पाणी दे, पुन्हा, उशी सरकव, पुन्हा. आता भांडं पडलं तरी मी दचकून खोलीकडे बघते.

गेली त्या दिवशी सकाळी मी तिचे केस विंचरत होते. विंचरून झाले, वेणी घातली, फणी ठेवली. ती म्हणाली, "पुन्हा." मला काही समजलं नाही. पाणी नको होतं, खिडकी उघडीच होती. मग मी वेणी सोडली आणि परत विंचरले. तिने डोळे मिटून घेतले. तेच हवं होतं तिला. बरं झालं विंचरले.

वर्कशॉपमध्ये विचारत होते, "ताई, मोठ्या बाईंची ती मूठ आता उचलायची का? टेबलावर काम मांडायचं आहे." मी त्यांच्या अंगावर धावून गेले. बिचाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं, नंतर माफी मागितली. मूठ तिथेच आहे. तिच्या आजूबाजूला आम्ही कोपरं अंगाशी धरून काम करतो. धूळ झटकायलाही मी ती उचलत नाही, नुसती फुंकर मारते.

तू कुठे आहेस रे?

ताई


२२ मार्च

बारक्या,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तू आलास की हातात देईन. आज टेबलावर मी काय बोलले ते मला धड आठवत नाही, तुला धड ऐकू गेलं की नाही तेही माहीत नाही. म्हणून लिहून ठेवते.

भल्या सकाळी मी केर काढत होते, तुझ्या स्टुडिओतली ती मुलगीही अजून आलेली नसणार. टेबलावर उजेड पडला. आधी तुझा हात आला. अंगठ्यावर तोच व्रण, पण तळव्याला घट्टे पडलेले आणि नखांत भुसा. तुझ्या हाताला भुसा लागलेला मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. त्या हाताने एक मूठ ठेवली. डाव्या हाताची, लाकडाची. यंत्राची एक रेघ तिच्यावर नव्हती. एके ठिकाणी कानशीचा ओरखडा राहून गेला होता. चकतीचा ठिपका लुकलुकायला लागला. मी दाबला.

"आई, पुन्हा केली," तू म्हणालास. "या वेळी हाताने. रजा काढून लांब एका सुताराकडे जाऊन राहिलो होतो, म्हणून वेळ लागला. तुझा आवाज ऐकला आणि म्हटलं, आता बोलायला लागलीस ना, मग आता घाई करायची नाही. बघ बरं."

आणि मग मधेच थांबलास. बहुतेक तेव्हा तुला शेजारची मूठ दिसली. "ही पालथी... ताई, ही तिने घातली पालथी? आई उठली? टेबलापर्यंत आली?" आणि तू हसलास. लहानपणी हसायचास तसा, नाकातून.

मी तुला रुसलेला समजत होते. पानंच्या पानं भरून समजावत होते की तो निकाल नाही, आजार आहे. आणि तू तिकडे तो शब्द कामाचा म्हणून घेतलास आणि सरळ कामाला लागलास. आनंदाने. मला वाटलं ती तुला ये म्हणत होती. तुला वाटलं ती तुला नीट कर म्हणत होती. आता कोणाला विचारायचं?

मी चकतीवर अंगठा ठेवला. मग म्हणाले, "बारक्या, आई गेली." कधी गेली ते सांगितलं, कशी गेली ते सांगितलं, वेणीचंही सांगितलं वाटतं. पत्रं तुझ्या टपालाच्या खणात पडली आहेत, ती आता वाचू नकोस, हेही सांगितलं.

तुझी मूठ होती तिथेच होती. तुझा हात परत आला आणि आईने पालथ्या घातलेल्या मुठीवर येऊन थांबला. तुझ्या टेबलावर तो उजेडावर ठेवलेला असणार. इथे तुझ्या हाताचा उजेड त्या लाकडावर पडला होता, बोटं हलत होती. मी माझा हात त्यावर ठेवला. हाताला फक्त लाकूड लागलं, थंड. तरी मी हात काढला नाही, आणि तूही काढला नाहीस.

मग मी तुझ्या मुठीकडे नीट बघितलं. छान झाली आहे. माझ्या मुठीपेक्षा छान, आता त्यावर रुसून काय करू? अंगठ्याची खोलगट जागा तशीच ठेवलीस, तेही बरोबर आहे. खरंच जमली आहे की नाही ते सांगायला तळ बघावा लागतो. तळ बघणारं माणूस नाही. म्हणून मीच तिच्यासारखा हात पुढे केला, उचलून पालथी करायला, आणि माझ्या चिमटीत काहीच आलं नाही.

मी परत चकतीवर अंगठा ठेवला.

"उजेड पालथा घालता येत नाही रे," मी म्हणाले. "ती घेऊन ये."

तू मूठ उचललीस. आईच्या मुठीशेजारची जागा मी मोकळी ठेवली आहे.

ताई